दुसरा बर्थ

"दुखते का ही दाढ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई," कोंडाजी आ वासलेल्या तोंडानं म्हणाला.

"मग काढायची कशाला?"

त्यांनी आरसा तोंडातून बाहेर काढला तेव्हा कोंडाजीनं नीट उत्तर दिलं. "आता न्हाई दुखत, पर दुखंल. गेल्या दोन उन्हाळ्यांत दुखलीया. पुढच्या उन्हाळ्यात आमी आसामात नायतर त्याच्याबी पुढं आसणार. तितं दाढ ठणकाया लागली तर कुनाच्या दारात जाऊ? लांबच्या भाड्याला गाडी काढायची आसंल तर पट्टा आधीच बदलत्यात, बाई. तुटायची वाट न्हाई बघत."

डॉक्टरीणबाई हसल्या. चार खेपा घाला, दाढ वाचवून देते, म्हणाल्या. पण कोंडाजीकडं चार खेपा नव्हत्या. निघायला आठच दिवस राहिले होते. दाढ निघाली. गालात बोळा धरून तो कान्हे फाट्यावर टाकव्याच्या जीपमध्ये बसला. शेजारच्या भामाबाईनं सुजलेल्या गालाकडं बघून "काय झालं?" विचारलं, तर त्यानं हातांनी हवेत स्टेअरिंग फिरवून दाखवलं. भामाबाईला तेवढं पुरलं. कोंडाजी वर्षभर भारत बघायला निघालाय, हे सगळ्या टाकव्याला माहीत होतं.

घरी बायकोनं, अंबूबाईनं मात्र कपाळाला हात लावला. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. अवं, सरांनी तुमाला तोंडानं चला म्हणलंय का एकदा तरी?"

कोंडाजीला बोलता येत नव्हतं. पण बोलता आलं असतं तरी त्याचं उत्तर ठरलेलं होतं. गेल्या दोन वर्षांत अंबूबाईनं हा प्रश्न दहा वेळा विचारला होता आणि दहाही वेळा तो हेच म्हणाला होता, "एकतीस वरसांत कोन कुनाला चला म्हणलंय? मैतराला काय निवतं धाडायचं आसतं व्हय?"

त्याचंही खरंच होतं. लोणावळ्याच्या शाळेतले गंगाधर सर आणि टाकवे बुद्रुकचा कोंडाजी यांच्यात बोलावणं हा प्रकार कधी नव्हताच. गुरुवारी सरांचा फोन यायचा. "शनिवारी तिकोना," एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे. येणार का, जमेल का, काही नाही. शनिवारी सकाळी कोंडाजी पायथ्याशी हजर. पाण्याचा कॅन, स्टोव्ह, दोरखंड त्याच्या पाठीवर, आणि सरांच्या पाठीवर दुर्बीण आणि वही. यात काही वावगं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही. किंवा एकाला वाटलं नाही आणि दुसऱ्यानं विचार केला नाही, असं आता म्हणावं लागेल.

कोंडाजीचं टाकव्यात रस्त्यालगत मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची किंवा नदीवरची मोटार जळली की ती त्याच्याकडं यायची. जळालेली तार काढून नवी तार गुंडाळायची, व्हार्निश पाजायचं, सुकवायचं आणि द्यायची. अंदर मावळातली निम्मी भातखाचरं त्याच्या हातच्या मोटारींवर भिजत होती. एकतीस वर्षांपूर्वी शाळेच्या विहिरीची मोटार जळाली म्हणून गंगाधर सर ती घेऊन आले. विज्ञान शिकवायचे, बोलायची आवड. मोटार सुकेपर्यंत बसून राहिले, आणि बसल्या बसल्या त्यांनी कोंडाजीला विचारलं, "पंप पाणी कसा ओढतो, सांग."

"वढतो म्हंजी वढतो," कोंडाजी म्हणाला.

"ओढत नाहीच मुळी. पंप नळीतली हवा काढतो. बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली असते, ती पाणी वर ढकलते."

कोंडाजी दहा वर्षं पंप दुरुस्त करत होता. पंचवीस फुटांच्या खाली पाणी गेलं की वरचा पंप हात टेकतो हे त्याला ठाऊक होतं, का टेकतो हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्याला ते कळलं आणि तो त्या माणसाचा झाला. पुढं सरांनी त्याला लेण्यांवरची अक्षरं दाखवली, ताऱ्यांची नावं सांगितली, सातवी नापास माणसाला पृथ्वी कशी कललेली आहे ते टोपी फिरवून समजावलं. ढाकच्या डोंगरात सरांचा पाय मुरगळला तेव्हा कोंडाजीनं त्यांना जांभिवलीपर्यंत पाठीवर आणलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. आपण घेतलंय त्यापेक्षा हे ओझं कमीच आहे, अशी त्याची समजूत होती.

सर निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी तिकोन्यावर भाकरी खाताना म्हणाले, "कोंडाजी, एक जुनी गाडी घ्यायची आणि वर्षभर देश फिरायचा. लॉज नको, हॉटेल नको. देवळाच्या आवारात नाहीतर पेट्रोल पंपावर गाडी लावायची, आत झोपायचं, खिचडी शिजवायची. दोन माणसांना दिवसाला तीनशे रुपये बास होतात, मी हिशेब केलाय."

"गाडी मी करतो तयार," कोंडाजी म्हणाला.

बोलणं झालं ते एवढंच.

सरांनी एका कंपनीची जुनी मिनीबस घेतली आणि ती चौदा महिने कोंडाजीच्या दुकानामागं चिंचेखाली उभी राहिली. सगळ्या खुर्च्या काढून त्यानं आत पत्र्याचा ओटा केला, गॅसची शेगडी बसवली, छतावर सोलरची पाटी लावली. खाली पाण्याची टाकी आणि तिला फवारणीच्या पंपातली छोटी मोटार. नळ उघडला की मोटार आपोआप सुरू व्हायची. सर दर रविवारी यायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि नकाशा उघडायचे. नकाशावर कुठं बर्फ लागेल, कुठं वाळू लागेल, ते बोट ठेवून सांगायचे. "बर्फात हा नळ गोठेल का रे?" असं त्यांनी विचारलं की कोंडाजी म्हणायचा, "गोठू द्या की, मी हाय." सर मग नकाशाकडं बघत राहायचे.

झोपायला दोन बर्थ करायचे होते. पहिला सरांसाठी, सहा फूट. दुसऱ्याचं माप सरांनी कागदावर लिहून आणलं : पाच फूट चार इंच. कोंडाजी स्वतः पाच फूट आठ इंच होता. त्याला वाटलं, पायथ्याशी पाण्याची टाकी येते म्हणून सरांनी जागा काटकसरीनं धरली असेल. त्यानं काही विचारलं नाही. गुहेत, गोठ्यात, देवळाच्या ओट्यावर अंगाची मुटकुळी करून झोपलेला माणूस तो, चार इंचांसाठी काय बोलायचं? बर्थ करून झाल्यावर एका दुपारी त्यानं त्यावर गुडघे दुमडून निजून बघितलं. छान झोप लागली.

संक्रांतीला त्यानं दुकान सुनेच्या हाती दिलं. सून स्नेहल आयटीआय झालेली, हात चांगला. मुलगा ओंकार तळेगावच्या कंपनीत, त्याला या कामात रस नव्हता. कोंडाजीनं पंचांना सांगावं तसं चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "आजपासनं दुकान हिचं. माझ्याकडं कुनी मोटार आणायची न्हाई." स्नेहल बसायची जागा सोडून उभी राहिली, तर त्यानं तिला खांद्याला धरून आपल्या स्टुलावर बसवलं. पाटीवरचं नावही बदलून घ्यायला लावलं. वर्षभर नसणारा माणूस, अर्धवट काही ठेवायचं नाही, असं त्याचं काम होतं. दिवाळीनंतर भात झोडून झालं. पुढच्या वर्षीचं खाचर मेव्हण्याला वाट्यानं दिलं. लायसन नवं करून घेतलं. दाढ काढली.

अंबूबाई नाराज होती, पण पिशवी तिनंच भरली. दोन स्वेटर, कानटोपी, खोबऱ्या-लसणाची चटणी, मेतकूट, हातसडीचे पोहे. शेवटी तिनं सुकटीची पुडी घातली, ती कोंडाजीनं बाहेर काढली.

"सर खात न्हाईत."

"मंग तुमीबी वरीसभर खायाची न्हाई?"

"न्हाई."

अंबूबाईनं पुडी परत डब्यात ठेवली. माझ्यासाठी तुमी उपास धरला नसता, असं काहीतरी ती पुटपुटली आणि ते खोटं नव्हतं.

मंगळवारी कोंडाजी गाडी स्वतः चालवत लोणावळ्याला सरांच्या दारात लावून आला. "गुरुवारी सकाळी नऊला ये," सर म्हणाले. "छोटासा कार्यक्रम ठेवलाय. मग निघायचं."

गुरुवारी सकाळी तो भैरवनाथाच्या पाया पडला. अंबूबाईनं ओवाळलं. ती रडणार नाही असं त्यानं धरलं होतं, पण ती रडली. जीपपर्यंत पोचवायला पंधरावीस माणसं आली. एकानं तर सांगितलं, तिकडनं गंगेचं पाणी आण. कान्ह्याला त्यानं लोणावळ्याची लोकल पकडली. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसला आणि कामशेत, मळवली ही रोजची स्टेशनंसुद्धा जाताना नीट बघून घेतली.

भांगरवाडीत सरांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. माईक होता. सरांचे जुने विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, शेजारी, चाळीसेक माणसं. गाडीला झेंडूची माळ घातलेली. कोंडाजीला गर्दीची सवय नव्हती, म्हणून तो आधी पिशवी ठेवायला गाडीतच चढला.

दुसऱ्या बर्थवर फुलाफुलांची गादी होती. त्यावर उशी, उशीशेजारी औषधांचा डबा आणि खाली नव्या चपलांचा जोड. कोंडाजीला वाटलं, सरांनी सामान इथं टाकलंय. तो ते उचलून सरकवणार एवढ्यात मागून आवाज आला, "जरा बाजूला होता का? आडवं होऊन बघतो."

गोरे, बुटकेसे, पुण्याच्या कपड्यांतले एक गृहस्थ होते. ते चपला काढून बर्थवर निजले, पाय ताणले, टाचा बरोबर कडेला टेकल्या. "वा," ते म्हणाले. "अगदी मापात. मी गंगाधररावांना सांगितलंच होतं, माझी उंची पाच-चार, त्यावर एक इंचही जागा वाया घालवू नका. तुम्हीच कोंडाजी का? मी सरांचा साडू. बँकेतून यंदाच सुटलो. फार छान काम केलंय हो तुम्ही."

कोंडाजी बर्थच्या कडेवरून हात फिरवत उभा राहिला. ती कड त्यानंच घासून गुळगुळीत केली होती. माप चुकलेलं नव्हतं. जागेची काटकसर नव्हती, काही नव्हतं. चौदा महिने त्यानं दुसऱ्या माणसाच्या अंगाचा बर्थ बनवला होता आणि तो कागद पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होता.

"आणि पिशवी घेऊन कुठं निघालात?" साडूंनी विचारलं.

"लेकीकडं. चिंचवडला," कोंडाजी म्हणाला. त्याला लेक नव्हती.

तो गाडीतून उतरला आणि फाटकाकडं चालायला लागला. वाटेत सरांची बायको, सरोजिनीबाई, चहाचा ट्रे घेऊन उभ्या. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. पिशवीतून कानटोपीचा गोंडा बाहेर आला होता. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ट्रे खुर्चीवर ठेवला, "थांबा, जाऊ नका," म्हणाल्या आणि सरांना हाताला धरून बोलावून घेऊन आल्या. गाडीच्या मागं, लोकांच्या नजरेआड, तिघं उभे राहिले.

"तुम्ही यांना सांगितलंच नाहीत?" बाई नवऱ्याला म्हणाल्या.

सरांनी पिशवी बघितली. "कोंडाजी, अरे... तू येणार होतास? तू कधी बोलला नाहीस."

"तुमी कवा इच्यारलं न्हाई."

"अरे तुझं दुकान, शेती, घर. वर्षभर तू कसा येशील, असं मी धरूनच चाललो."

"दुकान सुनंला दिलं, सर. संक्रांतीला. तुमी तितंच बसला हुता की. पाटी रंगवली ती तुमी वाचली."

"मला वाटलं, वय झालं म्हणून दिलंस."

"खोटं बोलू नका," सरोजिनीबाई म्हणाल्या. "गणपतीत मी तुम्हाला म्हटलं होतं, ते आशेवर आहेत, सांगून टाका. काय म्हणालात तुम्ही? गाडी पुरी होऊ दे, मग सांगतो."

सर हलक्या आवाजात म्हणाले, "वर्षभर चोवीस तास एकत्र राहायचं, कोंडाजी. डोंगरावरचा एक दिवस वेगळा. बोलायला, वाचायला... तू समजून घे."

कोंडाजीला राग आला. एवढा राग त्याला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. आणि त्या रागाखाली लाज होती, ती जास्त जाळत होती. एकतीस वर्षं ज्याला तो मैत्री समजला ती एका बाजूची होती, आणि हे त्याला सोडून बायकोला कळलं होतं, सरांच्या बायकोला कळलं होतं, औषधांच्या डब्याला सुद्धा कळलं असेल. 'मी हाय' असं तो दर रविवारी म्हणत होता आणि हा माणूस नकाशात डोकं घालून बसत होता. नकाशात काय बघत होता?

"गाडी पुरी झाली, सर," तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात माईकवरून कोणीतरी सरांना हाक मारली. सरांनी कोंडाजीच्या दंडाला धरलं. "आत्ता नको. लोक जमलेत. पाच मिनिटं थांब, माझ्यासाठी."

तो सरळ निघून गेला असता तर बरं झालं असतं. पण तो गेला असता तर लोकांनी विचारलं असतं, कोंडाजी कुठं गेला, आणि सरांना चारचौघांत काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. ते कोंडाजीला नको होतं. केसानं गळा कापला गेल्यावरही कापणाऱ्याची पत राखायची सवय त्याच्या हाडात होती. तो शेवटच्या रांगेत बसला, पिशवी खुर्चीखाली सरकवली.

सर छान बोलले. ते नेहमीच छान बोलत. कमी पैशात, कमी सामानात कसं जगता येतं, देश बघायला श्रीमंती लागत नाही, असं बोलले. साडूंची ओळख करून दिली. "आणि आता एका माणसाचा सत्कार," ते म्हणाले. "हा नसता तर ही गाडी नसती. ढाकवर माझा पाय मोडला तेव्हा यानं मला चार तास पाठीवर वाहून आणलं. आमचा कोंडाजी म्हणजे आमचा मारुतीच."

पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. चार तास नाही, अडीच. लोक टाळ्या वाजवायला लागले. कोंडाजी उठून पुढं गेला. सरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात काचेचं सन्मानचिन्ह दिलं. फोटो निघाला. फोटोत सर त्याच्याकडं न बघता समोर बघत होते. शाल चांगली होती, जाड, नोव्हेंबरच्या उन्हात तिनं मानेला घाम आला. ढाकच्या त्या दिवसाबद्दल कोंडाजी कधी कोणाजवळ बोलला नव्हता. आज ती गोष्ट चाळीस लोकांची झाली आणि त्याच्याकडं काही उरलं नाही.

निघण्याआधी साडू त्याच्याकडं आले. "तेवढं पाण्याचं दाखवा हो. गंगाधरराव म्हणतात, मला काही कळत नाही, कोंडाजीला विचार."

दोघं गाडीत गेले. कोंडाजीनं बर्थच्या पायथ्याची फळी उचलून टाकी दाखवली, मोटार दाखवली, बटण दाखवलं.

"आणि टाकी रिकामी झाली तर? मोटार आपोआप बंद होते का?"

होत नव्हती. कोरडी चालत राहिली तर ती जळणार होती, आणि राजस्थानातल्या कुठल्यातरी पेट्रोल पंपावर ती भरून देणारं कोणी भेटणार नव्हतं. 'व्हय, होती की आपोआप,' एवढे चार शब्द बोलायचे होते. ते कोंडाजीच्या जिभेवर आले. काढलेल्या दाढेच्या खड्ड्याला त्याची जीभ लागली आणि तिथं अजून दुखलं.

"न्हाई होत," तो म्हणाला. "ह्या काचंत पानी दिसतं. बोटभर राह्यलं की हे बटण बंद करायचं. इसरायचं न्हाई. इसरला तर जळंल. आन् रोज सकाळी नळ सोडून आधी हवा जाऊ द्यायची, मंग पानी. कागदावर लिहून ठिवा."

साडूंनी लिहून घेतलं. कोंडाजीनं ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

गाडी निघाली. सर खिडकीशी होते. "फोन करीन, कोंडाजी," ते म्हणाले. "व्हय," कोंडाजी म्हणाला. सरोजिनीबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. "जेवून जा," त्या म्हणाल्या, आणि मग, "मला माफ करा." त्यांनी काय केलं होतं? त्यानं त्यांना हात जोडले आणि स्टेशनची वाट धरली.

दुपारी कान्हे फाट्यावर टाकव्याची जीप भरत होती. भामाबाई बाजार करून परतत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अरं, गेला न्हाई व्हय तू?"

"गेलतो," कोंडाजी म्हणाला. "आलो."

भामाबाईनं पिशव्या मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली.

अंबूबाई दारात भात पाखडत होती. तो आला, पिशवी कोनाड्याशी ठेवली, शाल काढून खुंटीला लावली.

"ही कसली?"

"सत्कार केला."

"कुनाचा?"

"माझा."

अंबूबाईनं सूप खाली ठेवलं. तिला सगळं समजलं, आणि दोन वर्षं ती जे सांगत होती ते सांगायचा आता तिचा पुरता हक्क होता. ती ते म्हणाली नाही. "गरज सरली अन् वैद मेला," एवढंच बोलली आणि लगेच, "जेवला का?"

"न्हाई."

तो जेवला. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर तिनं उठून दार लोटून घेतलं. "गावाला सांगन मी," ती म्हणाली. "तुमच्या पायात चमक भरली म्हनून."

"नको. मला न्यायचं नव्हतं, आसं सांग. खरं ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानाकडं गेला. जायचं नव्हतं, पण साठीला टेकलेल्या माणसानं सकाळी जायचं तरी कुठं? चिंचेखाली गाडीच्या चाकांनी चार खळगे पडले होते. दुकानात व्हार्निशचा वास होता. स्नेहल स्टुलावर बसून मोटारीच्या खाचांत नवी तार भरत होती. तिला घरून कळलंच असणार. ती चटकन उठली.

"आबा, बसा ना हितं."

"ते तुजं हाय. बस." त्यानं गिऱ्हाइकांच्या फळीवर बैठक मारली.

तो थोडा वेळ तिचं काम बघत राहिला. ती चांगलं भरत होती, त्याच्यापेक्षा जरा ढिलं, पण चांगलं. कोपऱ्यात जळालेल्या पाच-सहा मोटारी पडल्या होत्या. त्यानं त्यातली एक पायाजवळ ओढली, छिन्नी आणि हातोडा घेतला, एका अंगानं तारांची जळकी टोकं तोडली आणि पक्कडीनं दुसऱ्या अंगानं ओढायला लागला. हे काम दुकानात पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला देतात. तार काळी पडलेली असते, हात काळे होतात, डोकं लागत नाही.

"आबा, ते मी काढते नंतर. ते नवशिक्याचं काम."

"कुनी तरी कराया पायजे. तू भर."

स्नेहलनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा काम हाती घेतलं. नऊच्या सुमाराला नदीकडचा एक शेतकरी आला. कोंडाजीला बघून त्याला बरं वाटलं. त्यानं स्नेहलकडं बघितलंही नाही. "आबा, बरं झालं भेटलात. माजी मोटार कवा मिळंल?"

"तिला इच्यारा," कोंडाजी मान वर न करता म्हणाला. "दुकान तिचं हाय."

शेतकरी स्नेहलकडं वळला. कोंडाजीनं मोटार जरा फिरवून घेतली, पुढची खाच धरली आणि जळकी तार ओढायला लागला.